नव्या यंत्राचे दुखणे आणि शिक्षकाचे कर्तव्य

(कोल्हापूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत गगनबावडा तालुक्यातील एका मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत 'शाळेतील संगणक : अडचणी व उपाय' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. आपल्यापैकी कित्येक तरुण शिक्षक या यंत्राशी माझ्याहून अधिक सलगीने वागतात, हे मी जाणतो. माझा अधिकार एवढाच की, या अडचणींचा चटका मी स्वतः सोसला आहे, आणि तो सोसताना माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती चूक येथे मोकळेपणाने सांगावी, व तिच्यापासून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, असा माझा हेतू आहे.

आमची शाळा दोन शिक्षकी. पावसाळ्याचे चार महिने समोरचा डोंगर धुक्यात बुडालेला असतो, आणि विजेचा व दूरध्वनीचा भरवसा पावसाच्या मर्जीवर असतो. गेल्या वर्षी आषाढाच्या सुमारास आमच्या ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढून शाळेस एक नवा लॅपटॉप घेऊन दिला. कोणी भाताचे पोते विकून वर्गणी दिली, कोणी पुण्यामुंबईस नोकरीला असलेल्या मुलाकडून मागविली. सरपंचांनी नारळ फोडला, मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि एका आजीबाईंनी यंत्राला हळदकुंकूही वाहिले. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो शाळेची नवी खोली बांधून झाली तेव्हाही झाला नव्हता.

तो आनंद पुरते आठ दिवस टिकला नाही. एके सकाळी पाठ चालू असता यंत्र एकाएकी थिजले. अक्षर हलेना, बाण सरकेना. नंतर ते आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात 'सुधारणा चालू आहे, यंत्र बंद करू नका' असा संदेश आला, आणि मुले पाऊण तास त्या फिरत्या वर्तुळाकडे पाहत बसली. पुढे एकदा संपूर्ण पडदा निळा झाला व त्यावर इंग्रजी अक्षरे उमटली. एकतीस मुलांच्या वाचनाच्या नोंदी मी दोन रात्री जागून भरल्या होत्या, त्यांतील निम्म्या त्या निळ्या पडद्याबरोबर गेल्या. कंपनीच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा तर 'एक दाबा, दोन दाबा' असे ऐकत ऐकत आमच्या डोंगरातला संपर्कच तुटे. जुने यंत्र कुरकुरले तर माणूस समजू शकतो. पण कोऱ्या करकरीत यंत्राने असे करावे, याचा मला फार संताप येई. आपणांपैकी अनेकांना हा अनुभव असेल.

आता माझी चूक सांगतो. एका दुपारी चौथीतील एक मुलगी त्या यंत्रावर आपले नाव मराठीत लिहीत होती. तिची पाळी होती. तिने तीन अक्षरे लिहिली, आणि पडदा निळा झाला. या वेळी मात्र यंत्र पुन्हा सुरूच होईना. मी धावत गेलो आणि सर्व मुलांसमक्ष ओरडलो, "काय दाबलंस तू?" ती थरथरत म्हणाली, "गुरुजी, म्या काय बी केलं न्हाई." मी झाकण मिटले, यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि यापुढे कोणाही मुलाने त्यास हात लावू नये, असे बजावले. वस्तुतः हे यंत्र आधी अनेकदा अडखळले होते, हे मी पाहिले होते. तरीसुद्धा रागाच्या भरात मला दोष देण्यासाठी माणूस हवे होते, आणि वर्गातील सर्वांत दुबळे माणूस मला सापडले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी त्या मुलीची आई दारात उभी राहिली. ती मजुरीवर जाणारी बाई. पदराच्या गाठीत काही नोटा बांधलेल्या होत्या. तिने विचारले, "गुरुजी, त्या मशीनचं किती पैसं भरायचं?"

बंधुभगिनींनो, याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास त्या काळी दंड होता. आज शंभरांहून अधिक वर्षांनंतर त्याच भूमीत, मुलीला शाळेत धाडले म्हणून दंड भरावयास एक माता माझ्या दारी आली होती. मी तिला पैसे परत नेण्यास सांगितले. पण 'तुमच्या मुलीची चूक नव्हती,' हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले नाही. कारण मला स्वतःलाच ते निश्चित ठाऊक नव्हते. मुलगी मात्र त्या दिवसापासून कपाटाकडे पाहीनाशी झाली.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर यंत्र पिशवीत घालून मी एस. टी. ने कोल्हापुरास आलो. राजारामपुरीतील एका दुरुस्तीच्या दुकानात एक तरुण बसला होता. जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलेला. त्याने यंत्र पाहिले आणि प्रथम एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : "गुरुजी, आधी घरातला माल बाहेर काढू, मग घर दुरुस्त करू." त्याने आमच्या साऱ्या फायली दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेतल्या. नंतर यंत्र केवळ अत्यावश्यक भागांनिशी सुरू करण्याची जी सुरक्षित पद्धत असते, तिने ते सुरू केले, आणि आत एक पान उघडून मला दाखविले. यंत्र स्वतःच्या आजारांची नोंद स्वतः ठेवते, ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणता भाग कोलमडला, याची तारीखवार यादी तेथे होती. पहिली नोंद होती, मुलीने यंत्रास हात लावण्यापूर्वी आठ दिवसांची, रात्री अकराच्या सुमाराची. त्या रात्री एक सुधारणा अर्धवट बसली होती. पडदा चालविणारा जो लहानसा कार्यक्रम असतो, तो तिच्याशी जुळेनासा झाला होता. शिवाय यंत्राबरोबर आलेले दोन सुरक्षा-कार्यक्रम एकाच वेळी चालत असून परस्परांच्या पायात पाय घालीत होते. मुलीच्या तीन अक्षरांचा या सर्वाशी यत्किंचितही संबंध नव्हता. ती यादी वाचताना मला जी लाज वाटली, ती शब्दांत सांगता येणार नाही.

असे का घडते, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण न समजलेल्या गोष्टीचा राग माणूस जवळच्यावर काढतो. लॅपटॉपमध्ये दोन वस्तू असतात. एक, हाताला लागणारे यंत्र : पडदा, कळफलक, साठवण, बॅटरी. दुसरी, या सर्वांना कामास लावणारी कार्यप्रणाली, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. आपल्या जिल्ह्यातील कोणालाही हे गुऱ्हाळावरून समजेल. ऊस उत्तम आहे, चरक नवा आहे, काहील लखलखीत आहे, चुलवाणात जाळ आहे. परंतु जाळ केव्हा वाढवावा, भेंडीचा रस घालून मळी केव्हा काढावी, काहील केव्हा उतरावी, हे गुळव्या ठरवितो. गुळव्याचा अंदाज चुकला तर सारे साहित्य चांगले असूनही आधण बिघडते. कार्यप्रणाली ही लॅपटॉपची गुळव्या आहे. पडद्याने केव्हा काय दाखवावे, साठवणीत काय कोठे ठेवावे, एकाच वेळी चाललेल्या दहा कामांना पाळीपाळीने वेळ कसा द्यावा, हे सर्व ती पाहते.

हे काम सोपे नाही. आजच्या कार्यप्रणालीत सूचनांच्या कोट्यवधी ओळी असतात. यंत्राचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात, आणि प्रत्येक भागास कार्यप्रणालीशी बोलण्यासाठी स्वतंत्र दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. एक दुभाषा चुकला की सारा व्यवहार अडतो. नव्या यंत्रात हा धोका पहिल्या काही आठवड्यांत अधिक भासतो. कारण यंत्र कारखान्यातून निघून आपल्या हाती पडेपर्यंत महिने लोटलेले असतात, आणि त्या काळातील साऱ्या सुधारणा ते एकदम ओढून घेऊ लागते. आमच्यासारख्या गावी, जेथे इंटरनेट मध्येच तुटते आणि बॅटरी संपली तरी वीज आलेली नसते, तेथे सुधारणा अर्धवट राहण्याचा संभव फार. त्यात स्मरणक्षमता बेताची असेल, तर पार्श्वभूमीवर चाललेल्या कामांनी यंत्र मंदावते, आणि आपण समजतो की ते बिघडले.

असा दोष केवळ आपल्याच वाट्यास येतो असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमाची एक सदोष सुधारणा जगभर पाठविली गेली, आणि विंडोज प्रणालीवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली, इस्पितळांचे व बँकांचे व्यवहार अडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. चूक करणाऱ्यांनी ती थोड्याच वेळात दुरुस्त केली. परंतु बंद पडलेली यंत्रे ती दुरुस्ती घेण्यापुरतीही सुरू होईनात, म्हणून असंख्य ठिकाणी माणसाला एकेका यंत्राजवळ जाऊन ते हाताने सावरावे लागले. ज्यांच्यापाशी पदरी तज्ज्ञ आणि अमाप पैसा, त्यांची ही अवस्था. तेथे दोन शिक्षकी शाळेतील गुरुजींनी स्वतःस अडाणी समजून खंत करण्याचे कारण नाही. आणि त्या दिवशी जेथे काम चालू राहिले, तेथे ते बहुतांशी कागदाच्या आणि लेखणीच्या आधारे चालले, हेही ध्यानात ठेवावे.

आता उपायांकडे वळतो. हे उपाय मी स्वतः वर्षभर पाळीत आहे.

पहिली गोष्ट, नवे यंत्र हाती येताच त्यावर शाळेचे काम सुरू करू नये. चांगले इंटरनेट असलेल्या ठिकाणी, म्हणजे केंद्रशाळेत किंवा तालुक्याच्या गावी, ते एक दिवस विजेस जोडून ठेवावे, आणि साऱ्या सुधारणा पूर्ण होऊ द्याव्यात. त्यानंतर सुधारणांची वेळ शाळेच्या वेळेबाहेर ठरवून द्यावी. तशी सोय यंत्रात असते. सुधारणा कायमच्या बंद करणे मात्र अयोग्य. कारण त्यांतच सुरक्षेची दुरुस्तीही येते. विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्या शाळांत ती प्रणाली असलेली जुनी यंत्रे आहेत, त्यांनी ही गोष्ट केंद्रप्रमुखांच्या कानी घालावी.

दुसरी गोष्ट, कोणतीही माहिती एकाच ठिकाणी असू नये. मूळ नोंद कागदावर, दुसरी यंत्रात, तिसरी पेनड्राइव्हवर. दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी पेनड्राइव्हवर प्रत उतरविणे, हे घंटा देण्याइतके नियमाचे काम समजावे. 'सरल' किंवा 'यू-डायस प्लस'वर माहिती भरावयाची असल्यास ती आधी वहीत लिहून मगच यंत्राकडे जावे. यात दुप्पट श्रम आहेत, हे मला मान्य आहे. पण तिसऱ्यांदा लिहिण्याचे श्रम त्याहून मोठे असतात.

तिसरी गोष्ट, यंत्राबरोबर आलेले अनावश्यक कार्यक्रम जाणत्याच्या सल्ल्याने काढून टाकावेत. सुरक्षा-कार्यक्रम एकच असावा. खरेदीची पावती आणि हमीपत्र शाळेच्या दप्तरात ठेवावे. हमीच्या मुदतीत दोष निघाल्यास विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक शाळेत एक दोष-नोंदवही असावी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क-२' या प्रचंड गणकयंत्राच्या एका विद्युत्-कळीत पतंग अडकून यंत्र चुकू लागले. तेथील मंडळींनी तो किडा काढून फेकून दिला नाही. चिकटपट्टीने तो नोंदवहीच्या पानावर डकवून त्याखाली टीप लिहिली. ती वही आजही तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहे. यंत्रातील दोषास 'बग' म्हणण्याची रीत त्याआधीचीच. पण त्या पानामुळे ती सर्वतोमुखी झाली. त्या मंडळींनी कोणावर ओरडण्यापूर्वी यंत्र उघडून पाहिले, आणि जे आढळले ते तारखेनिशी लिहून ठेवले. आपणही तसेच करावे. दिनांक, वेळ, यंत्र काय करीत होते, पडद्यावर कोणती अक्षरे आली, वीज होती की नव्हती, एवढे लिहावे. जमल्यास पडद्याचे छायाचित्र घ्यावे. दुरुस्ती करणाऱ्यास या पाच ओळी पाच तासांच्या तर्कापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

पाचवी गोष्ट, दुसरी कार्यप्रणाली निवडण्याचा मार्ग आपणांस मोकळा आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा पाया घातला. ती मोफत मिळते, आणि तिच्यावर आधारलेल्या काही हलक्या प्रणाली जुन्या यंत्रांवरही बऱ्या चालतात. केरळ राज्यातील सरकारी शाळांत 'काइट' या संस्थेमार्फत अशीच मुक्त प्रणाली वापरली जाते, व शिक्षकांना तिचे शिक्षणही दिले जाते. आपल्या देशातील सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाची प्रणाली तयार केली आहे. तथापि माझी विनंती अशी की, रागाच्या भरात एकट्याने हा बदल करू नये. शाळेस लागणारे सर्व कार्यक्रम तिच्यावर चालतात की नाही, हे आधी एका यंत्रावर तपासावे, आणि केंद्रातील चार शाळांनी मिळून निर्णय घ्यावा, म्हणजे एकमेकांस मदत करता येईल.

येथे उपस्थित असलेल्या अधिकारी मंडळींनाही एक नम्र प्रार्थना आहे. दोष-नोंदवहीत यंत्र बंद पडल्याची तारीखवार नोंद असेल, तर माहिती उशिरा पोहोचल्याची कसूर शिक्षकाच्या माथी मारू नये. तसेच प्रत्येक केंद्रात एक जाणता शिक्षक या कामी नेमून, त्यास महिन्यातून एक दिवस शाळाभेटीसाठी द्यावा. दुर्गम वाडीतील शिक्षकाने किरकोळ दोषासाठी पन्नास किलोमीटर एस. टी. चा प्रवास करावा, आणि तोही शाळा बंद ठेवून, यात मुलांचेच नुकसान आहे.

राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपण सर्वांनी मुलांना सहलीत दाखविले असतील. पाणी ठराविक पातळीस आले की ते आपोआप उघडतात, आणि पाणी उतरले की मिटतात. ते आपोआप उघडतात म्हणून तेथे माणूस लागत नाही, असे मात्र कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात पातळीची नोंद घेतली जाते, दरवाजा उघडताच खालच्या गावांस सावध केले जाते. यंत्र स्वतः चालणारे असले, तरी त्याच्याजवळ जागे राहणारे माणूस असावे लागते. शाळेतील यंत्राजवळ ते माणूस म्हणजे आपण.

शेवटी त्या मुलीविषयी सांगून भाषण संपवितो. सोमवारी शाळा भरल्यावर प्रार्थनेनंतर मी सर्व मुलांना थांबविले. यंत्रातील ती तारीखवार यादी मी कागदावर उतरून आणली होती. ती फळ्यावर लिहिली. मुलांनीच बोटांवर दिवस मोजले आणि सांगितले की, दोष तिच्या आधी आठ दिवसांचा आहे. मग मी म्हणालो, "चूक यंत्राची होती, आणि तुझ्यावर ओरडलो ही चूक माझी होती." वर्ग शांत झाला. मुलगी काही बोलली नाही. तिच्या घरी जाऊन तिच्या आईलाही मी तेच सांगितले.

पण एकदा बसलेली भीती एका वाक्याने जात नाही, हेही मी पाहिले. त्यानंतर पंधरा दिवस ती यंत्राजवळ आली नाही. मीही आग्रह केला नाही. दोष-नोंदवही लिहिण्याचे काम मात्र मी तिच्याकडे दिले. तिचे अक्षर चांगले आहे. एके दिवशी यंत्र पुन्हा थिजले, तेव्हा इतर मुले दूर सरकली, आणि ती वही घेऊन पुढे आली. तिने पडद्यावरील घड्याळ पाहून वेळ लिहिली, इंग्रजी अक्षरे एकेक करून वहीत उतरविली, आणि मला विचारले, "गुरुजी, आता काय करायचं?" मी म्हणालो, "आता दोघे मिळून पाहू." तिने कळ दाबली.

बंधुभगिनींनो, उद्या याहून चांगली यंत्रे येतील, तीही केव्हातरी अडखळतील. ती अडखळतील त्या क्षणी आपल्या तोंडून प्रथम कोणता शब्द निघतो, यावर मूल त्या यंत्राकडे पुन्हा येईल की नाही, हे ठरेल. तो शब्द जपून उच्चारावा, एवढीच प्रार्थना.